हात थरथरतो म्हणून गोळ्या सोडायच्या?

ताई,

मी २६ वर्षांची आहे. आमच्या चौघांच्या हेवी बँडमध्ये ड्रम्स वाजवते. आमचा गायकच लीड गिटार वाजवतो, शाळेपासूनचा मित्र आहे. गेल्या वर्षी तो तीन आठवडे मानसोपचार वॉर्डमध्ये होता. बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाणारा आजार, असल्याचं निदान झालं. त्याआधी दोन महिने तो झोपायचाच नाही. एकदा एका रात्रीत अकरा गाणी लिहिली, आणि आम्हाला वाटलं, काय भन्नाट फॉर्मात आहे! मग तो कोसळला. आता लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, सावरलाय.

वॉर्डमधून आल्यावर सहा महिन्यांत त्याने या सगळ्यावर पाच गाणी लिहिली. पहिलं मॅनियावर आहे, म्हणजे त्या टोकाच्या उत्साहावर. त्यात मी क्लिक (कानात ठरावीक लय मोजून देणारा ठोका) बंद करते आणि मिनिटाला १४० ठोक्यांपासून हळूहळू २०० पर्यंत टेम्पो नेते, श्रोत्यांना कळतही नाही कधी वाढला. तिसऱ्या गाण्यात एका रात्रीचं वर्णन आहे. त्याने काय करायचं ठरवलं होतं, कशाने, कसं, सगळं. मागच्या महिन्यात आम्ही यातली दोन गाणी पहिल्यांदा वाजवली. लोक रडले. तेव्हापासून बँडच्या पेजवर मेसेज येतायत. परवा एका सोळा वर्षांच्या मुलाने रात्री दोनला लिहिलं, ‘हे गाणं म्हणजे मीच आहे. मला आता काहीच नको वाटतं.’ मी चारपर्यंत त्याच्याशी बोलत बसले.

रेकॉर्डिंग सहा आठवड्यांवर आलंय आणि आमचा गायक म्हणतो, गोळ्या सोडतो. हात थरथरतो, ट्रेमोलो पिकिंग, म्हणजे एकाच तारेवर झपाझप पिक चालवणं, जमत नाही, डोकं सपाट झाल्यासारखं वाटतं. त्याची आई म्हणते, घरातलं चव्हाट्यावर आणू नका. बेसिस्टला व्हिडिओत साखळ्या आणि वेड्यांचं इस्पितळ दाखवायचंय. आम्ही काही चांगलं करतोय की मित्राचा आजार विकतोय, तेच मला कळेनासं झालंय.

— डबल पेडल

*

डबल पेडल,

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी आजच्या आज हातात घ्यायच्या आहेत: तो सोळा वर्षांचा मुलगा आणि गोळ्या. बाकीचं पुढच्या आठवड्यात केलंस तरी चालेल.

आधी मुलगा. हे वाचून झालं की त्याला मेसेज कर. कसा आहेस एवढंच विचारू नकोस. सरळ विचार, ‘आत्महत्येचे विचार येतायत का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कोणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून माणसाला हायसं वाटतं. घरात आत्ता कोण आहे, कोणाला सांगता येईल, हे त्याच्याकडून काढून घे. आई-बाबा नको म्हणाला तर आत्या, मोठी बहीण, शाळेतल्या बाई, कोणीही एक मोठं माणूस. तो जिथे राहतो तिथल्या हेल्पलाइनचा नंबर दे, आणि आत्महत्येच्या प्रश्नाला हो म्हणाला, त्यातही काही ठरवलंय म्हणाला, तर तातडीच्या सेवेलाच कळवायचं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस. पहाटे चारपर्यंत जागलीस, त्यामागची माया मला दिसते. पण ते ओझं एकट्या ड्रमरने, एकट्या फोनवर उचलायचं नसतं.

आता गोळ्या. लिथियम घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हाताला बारीक कंप सुटतो. गिटारिस्टसाठी ही खरीखुरी अडचण आहे. ‘जीव वाचला ना, मग हाताचं काय घेऊन बसलास’ असं त्याला कोणी म्हणालं असेल तर ते चुकीचं बोलले. पण लिथियम मनानेच आणि एकदम बंद केलं की मॅनिया उलटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, आणि तोही लगेचच्या काही महिन्यांत. म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग आणि त्यानंतरचे शो, नेमका तोच काळ.

जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मॅनियावर लिथियम चालतं हे १९४९ मध्ये मांडलं. इतकं जुनं औषध असल्याने त्याच्या खोड्याही मानसोपचारतज्ज्ञांना पाठ आहेत. थरथरीवर करण्यासारखं बरंच असतं: रक्तातली लिथियमची पातळी तपासायची, मात्रा किंवा वेळ बदलायची, हळू विरघळणारी गोळी घ्यायची, काहींना प्रोप्रानोलॉलसारखं औषध जोडीला देतात. सपाट वाटतं म्हणतो, तेही डॉक्टरांना सांगायलाच हवं. लिथियममुळे कधी कधी थायरॉइड मंदावते, तेव्हाही असंच मरगळल्यासारखं होतं, आणि त्यावर उपाय आहे. त्याला म्हणावं, गिटार घेऊन जा. प्लग नको, ॲम्प नको. डॉक्टरांच्या समोर बसून तो ट्रेमोलोचा तुकडा वाजव आणि दाखव, कुठे अडकतं ते. ‘हात जरा थरथरतो’ एवढं ऐकलं की बहुतेक डॉक्टर मान हलवून पुढे जातात. चौथ्या बारला पिक तारेवरून सुटताना डोळ्यांनी पाहिलं की त्यांनाही ती थरथर वेगळी दिसेल.

तुम्हा बँडवाल्यांसाठी आणखी काही, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. हेडबँगिंगने मान धरली की तुम्ही आयबुप्रोफेन घेता. लिथियमवर असलेल्याने ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, तिने रक्तातलं लिथियम वाढतं. स्टेजवरच्या दिव्यांखाली तासभर घाम गाळून पाणी प्यायलं नाही तरी तेच होतं. एनर्जी ड्रिंकने हात आणखी थरथरतो. उलट्या, जुलाब, अडखळतं बोलणं, झोकांड्या, हात जोरात हलू लागणं, ही लिथियम फार वाढल्याची लक्षणं; यातलं काही दिसलं तर शो अर्ध्यावर सोडून हॉस्पिटल गाठायचं. आणि झोप! बायपोलर माणसाची झोप बिघडली की आजाराला दार उघडं मिळतं. शो रात्री अकराला संपणार असेल तर बारापर्यंत त्याला तिथून बाहेर काढणं हे तुम्हा तिघांचं काम. ॲम्प आणि केबल्स तुम्ही गुंडाळा.

आता त्याच्या मनातलं खरं भय. गोळ्यांनी माझ्यातलं गाणं मरेल, हे. तूच लिहिलंयस की एका रात्रीत त्याने अकरा गाणी लिहिली होती. त्या अकरांपैकी आज तुमच्या सेटमध्ये किती आहेत? मला शंका आहे, एखादंही नसावं. आणि ज्या पाच गाण्यांनी लोकांना रडवलं ती त्याने वॉर्डमधून आल्यावर लिहिली, म्हणजे लिथियम घेत असताना, त्याच थरथरत्या हाताने. हे त्याला तूच सांग. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने सांगण्यापेक्षा, ज्या मैत्रिणीने ती गाणी पहिल्यांदा ऐकली तिने सांगितलेलं त्याला पटेल.

आता तुझा मूळ प्रश्न, आजार विकतोय का.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. बारा वर्षांपूर्वी मी एका लेखात त्याच्याबद्दल लिहिलं. नाव बदललं होतं, हेतू चांगला होता, लोकांनी डोक्यावर घेतला तो लेख. त्याने वाचला आणि एवढंच म्हणाला, ‘तायडे, आवाज मला येतात आणि लेख तू लिहितेस.’ पुढे महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. तेव्हापासून त्याला विचारल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. आज हे लिहायच्या आधीही फोन केला. म्हणाला, हेडफोनचं लिही, हॉस्पिटलचं नको.

तर हेडफोनचं लिहिते. त्याच्याकडे एक जुना हेडफोन होता, उजव्या कानाची गादी फाटलेली, वर चिकटपट्टी. पहाटे आवाज वाढले की तो भिंतीला टेकून बसायचा, पूर्ण व्हॉल्यूमवर मेटल लावायचा आणि दोन्ही तळवे मांड्यांवर आपटायचा, डबल बेस ड्रमच्या लयीत, एकही ठोका न चुकवता. मला वाटायचं, या कल्लोळानेच त्याचं डोकं फिरतंय. एकदा मी तो हेडफोन कपाटात लपवला. त्या रात्री तो अंगणात फेऱ्या मारत राहिला, आवाजांना उत्तरं देत. सकाळी मी हेडफोन परत दिला. मग मी दारात उभी राहून नीट पाहायला शिकले. पंधरा-वीस मिनिटांत तळव्यांची गती उतरायची, खांदे खाली यायचे. आत बोलणाऱ्यांपेक्षा बाहेरचं काहीतरी मोठं झालं की त्याला श्वास घ्यायला जागा मिळायची. गोळ्या तर चालूच होत्या. त्या नसत्या तर हेडफोनने काही भागलं नसतं, हे तो स्वतःच सांगतो.

पुढे २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा अभ्यास वाचनात आला. मेटल, पंक असं टोकाचं संगीत ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या, मग काहींना १० मिनिटं त्यांचंच संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीताने राग भडकला नाही. शांत बसलेल्यांइतकाच तो ओसरला, वर ऐकणाऱ्यांना हुरूप आल्यासारखं वाटलं. लहानसा प्रयोग आहे, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही. पण कपाटात हेडफोन लपवणाऱ्या बहिणीला तो आधी वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

हेवी संगीतात हा विषय तुम्ही आणलेला नाही, तो जन्मापासून आहे. १९७० मध्ये ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडच्या ‘पॅरानॉइड’ गाण्याचे शब्द बेसिस्ट गीझर बटलरने स्वतःच्या नैराश्यातून लिहिले. डिप्रेशन आणि पॅरानॉइया (सतत संशय आणि भीती) यांतला फरकही तेव्हा त्याला ठाऊक नव्हता, आणि शीर्षकातला शब्द गाण्यात कुठे येतही नाही. योग्य उपचार मिळायला त्याची पुढे कितीतरी वर्षं गेली. १९८४ मध्ये मेटॅलिकाचं ‘फेड टू ब्लॅक’ आलं तेव्हा हे गाणं पोरांना मरणाकडे नेतंय म्हणून ओरड झाली. बँडकडे पत्रं आली ती मात्र, या गाण्याने आम्हाला बरं वाटलं, असं सांगणाऱ्यांची.

म्हणून विकणं की सांगणं, हे विषयावरून ठरत नाही. ते ठरतं तुमच्या गायकाच्या हातात काय आहे त्यावरून. कोणतं गाणं घ्यायचं, कोणतं गाळायचं, मुलाखतीत किती बोलायचं, आज रात्री तिसरं गाणं म्हणायचं की नाही, हे त्याने ठरवायचं, आणि स्टेजवर चढायच्या पाच मिनिटं आधी ‘आज नको’ म्हणाला तरी कोणी तोंड वाकडं करायचं नाही. त्या जागी वाजवायला दुसरं एक गाणं कायम तयार ठेवा, तालमीत घोटलेलं. ‘नाही’ म्हणायची सोय असेल तरच त्याच्या ‘हो’ला अर्थ आहे.

बेसिस्टच्या साखळ्यांना माझा साफ विरोध आहे. तुमचा मित्र तीन आठवडे जिथे होता तिथे साखळ्या होत्या का? त्यालाच विचारा तिथे काय होतं. माझ्या माहितीतल्या वॉर्डांत असतो एक न थांबणारा पंखा, बेल्ट आणि बुटाच्या नाड्या काढून घेतल्यामुळे पँट सावरत चालणारी माणसं, भेटीच्या वेळेआधी अर्धा तास दाराकडे लागलेले डोळे. साखळ्या पाहून श्रोता म्हणेल, हे वेड्यांचं आहे, माझं नाही. चार दिवस तोच टी-शर्ट घातलेला मुलगा पाहिला की श्रोत्याचे हात थांबतील, कारण त्याच्याही अंगात तोच टी-शर्ट असेल. त्या वॉर्डमध्ये उद्या जाऊन उपचार घ्यायला हवेत असं कुणीतरी तुमचा व्हिडिओ पाहणार आहे. त्याला दारातूनच घाबरवून परत पाठवू नका.

मॅनियाच्या गाण्यात तू टेम्पो वाढवतेस ते मात्र अफाट सुचलंय. सुरुवातीला मजा वाटते, पाय आपोआप हलतात, आणि भानावर येईपर्यंत थांबता येत नाही. नेमकं असंच तर तुम्हा तिघांचं झालं होतं ना, तो फॉर्मात आहे असं वाटत होतं तेव्हा? ते तसंच ठेव. रेकॉर्डिंगवाला ‘क्लिकवर घेऊ, एडिटिंग सोपं जाईल’ म्हणेल. ऐकू नकोस.

तिसरं गाणं. त्यातून ‘कशाने’ आणि ‘कसं’ काढून टाका. हा सेन्सॉरपणा वाटेल, पण तो मुलगा आठव. काठावर उभ्या माणसाला साधनाचं वर्णन हा नकाशा होतो. माध्यमांनाही जगभर हाच नियम सांगितला जातो. दुःख मात्र कापू नका, संताप कापू नका, हवं तितकं किंचाळा. आणि त्याला विचार, त्या रात्री तू थांबलास कशामुळे? फोन वाजला, नळाला पाणी आलं, झोप लागली, काहीही क्षुल्लक असेल. सांगायचं असेल तर गाण्यात ते आणा. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की संकटातून माणूस कसा निभावला याच्या बातम्या आत्महत्या रोखायला हातभार लावू शकतात. मोझार्टच्या ऑपेरातला पापागेनो हताश होऊन जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरा मार्ग आठवून देतात, त्यावरून याला पापागेनो परिणाम म्हणतात. तुमच्या तिसऱ्या गाण्यात रात्र आहे, सकाळ नाहीच. तो आज जिवंत आहे म्हणजे सकाळ झाली होती.

हेल्पलाइनचा नंबर स्टेजवर दाखवायला लाजू नका, हेवीपणा त्याने कमी होत नाही. लॉजिक या अमेरिकन रॅपरने २०१७ मध्ये तिथल्या हेल्पलाइनचा नंबरच गाण्याला नाव म्हणून दिला. गाण्याची सर्वांत जास्त चर्चा झाली त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि २४५ आत्महत्या कमी झाल्या, असा अभ्यास २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आपल्या दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडनेही २०१८ मध्ये नैराश्यावरच्या गाण्यासोबत ऑनलाइन समुपदेशनाची सत्रं चाहत्यांना मोफत दिली होती. तुम्हाला तेवढं झेपणार नाही. पण जिथे वाजवाल तिथला नंबर, आणि पेजवर मेसेज करणाऱ्याला लगेच जाणारं एक तयार उत्तर, एवढं या आठवड्यात होईल. मेसेज तुम्ही तिघं पाळीपाळीने पाहा, रात्री दहानंतर कोणीच नाही, आणि त्या उत्तरात तसं स्पष्ट लिहा, म्हणजे कोणी तुमची वाट पाहत बसणार नाही. तुमच्या गायकाच्या फोनवरून मात्र ते पेज काढून टाका. दर रात्री अनोळखी लोकांचं मरण वाचणं त्याला परवडणारं नाही. लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन आठवतो मला. स्वतःच्या वेदनेबद्दल इतकं उघड गाणारा, लाखो मुलांना ज्याच्या आवाजाचा आधार वाटला असा माणूस. २० जुलै २०१७ रोजी तो आत्महत्येने गेला, ४१ व्या वर्षी. ते गाणं खोटं नव्हतं. पण गाणाऱ्याला गाण्यापलीकडेही माणसं लागतात, डॉक्टर लागतो, आणि कधीकधी महिनोन्महिने स्टेजपासून लांब राहावं लागतं.

त्याच्या आईला मी चूक म्हणणार नाही. त्या तीन आठवड्यांत भेटीच्या वेळेला दाराबाहेर कोण उभं होतं? ती गोष्ट थोडी तिचीही आहे. गाण्यात ती कुठे आली असेल, तिचं रडणं, तिचं काही वाक्य, तर ते तिच्या होकाराशिवाय ठेवू नका. बाकीचं त्याचं आहे. त्याने तिला शेजारी बसवून शब्द वाचून दाखवावेत, डिस्टॉर्शन नाही, ड्रम्स नाहीत, नुसते शब्द. तुम्ही कोणी तिथे असू नका. ती तरीही नको म्हणू शकते, आणि मग ठरवायचं त्या दोघांनी.

आणि रेकॉर्डिंगची तारीख. औषधाची मात्रा बदलून हात स्थिर व्हायला सहा आठवडे पुरतील न पुरतील. नाही पुरले तर तारीख पुढे ढकला, स्टुडिओचे ॲडव्हान्सचे पैसे गेले तर जाऊ देत. सप्टेंबर २०१९ मध्ये मेटॅलिकाने आपला गायक जेम्स हेटफिल्ड याला व्यसनमुक्ती उपचारांसाठी परत दाखल व्हावं लागलं तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा अख्खा दौरा पुढे ढकलला. तिकिटं विकली गेली होती तरीही. तुमची तर अजून चार माणसांची तारीख आहे.

त्या सोळा वर्षांच्या मुलाशी बोलणं झालं की मला दोन ओळी पाठव. सदरात छापणार नाही.

— ताई